पीळ जाईना

नेमबाजीच्या माझ्या धनुष्याला पीळ पडल्याची तक्रार केली, तर ‘वापरातील दोष’ हे दोन शब्द कळवायला विक्रेत्याने १२ दिवस घेतले आणि तेवढ्या काळात मी पाठवलेल्या छायाचित्रांविषयी एकही प्रश्न विचारला नाही, याचा माझा राग अजून गेलेला नाही. राग अधिक यासाठी की, त्याचे म्हणणे शेवटी खरे निघाले.

धनुष्य ६२ इंची, एकसंध, पारंपरिक घडणीचे रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढच्या बाजूला वळलेले. लाकडी गाभ्याच्या दोन्ही अंगांना फायबरग्लासचे पातळ थर, आणि २८ इंचांच्या ओढीला ३५ पौंड जोर. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी दोरी चढवून मागून पाहिले, तेव्हा वरच्या लिम्बच्या (धनुष्याच्या भुजेला मैदानावर सगळे लिम्बच म्हणतात) अगदी मध्यावरून जाणारी दोरी खालच्या टोकाशी मात्र डावीकडे सरकून खाचेच्या कडेवर चढलेली दिसली. दोरीचा फासा तिरका बसला तरी असा भास होतो, म्हणून तो आधी तपासला. फासा नीट होता. लिम्बलाच पीळ पडला होता.

यावरचा उपाय ऐकायला फार सोपा आहे. दोरी उतरवायची, पीळ पडलेले टोक हाताला जेमतेम सोसेल इतक्या गरम पाण्यात चार-पाच मिनिटे बुडवायचे, मग पीळ जितका असेल त्याच्या साधारण दुप्पट उलटा पिळायचा आणि गार पाण्याखाली लिम्ब पूर्ण निवेपर्यंत तसाच धरून ठेवायचा. धाकट्या भावाने मूठ धरली, मी टोक पिळले. दोरी चढवली, तर ती बरोबर मधोमध. त्या संध्याकाळी मी स्वतःवर जरा जास्तच खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सरावाला दोरी चढवली आणि पीळ पुन्हा होता तिथे. पुन्हा बादली, पुन्हा भाऊ, पुन्हा सरळ. आणि पुढच्या दिवशी पुन्हा वाकडे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे भावाने तीन वेळा ऐकवले. चौथ्या खेपेला उष्णता कमी पडते आहे असे मी ठरवूनच टाकले आणि उकळते पाणी आणले. भावाने बादली पायाने बाजूला सरकवली नसती, तर थर जोडणारा चिकट रस सैल होऊन धनुष्य कायमचे गेले असते. हीट गन किंवा गॅसची आच यांचा विचारही कोणी करू नये, आणि मे महिन्यात बंद मोटारीत धनुष्य ठेवणे हेही त्याच जातीचे पाप आहे. शिंग आणि स्नायूंच्या जुन्या पद्धतीच्या धनुष्याला तर हा पाण्याचा उपाय मुळीच करू नये. त्यातला सरस पाण्याने सुटतो.

मार्ग सापडला तो कंटाळ्यातून. पाचव्यांदा लिम्ब सरळ केल्यावर दोरी उतरवण्याचाही उत्साह राहिला नव्हता, म्हणून धनुष्य तसेच चढवलेल्या अवस्थेत भिंतीवरच्या दोन खुंट्यांवर आडवे ठेवून झोपलो. सकाळी ते सरळच होते. म्हणजे लिम्ब रात्रीतून मूळ पिळाकडे परतत नव्हता. जे काही बिघडत होते ते दोरी उतरवताना आणि चढवताना. मी ते पायात अडकवून करीत असे: खालच्या लिम्बचे वळण डाव्या घोट्यावर टेकवायचे, उजवा पाय दोरी आणि धनुष्य यांच्यामधून घालायचा आणि मांडीवर रेटून वरचा लिम्ब वाकवायचा. यात घोट्यावरचे टोक प्रत्येक वेळी बाजूला मुरडते. संध्याकाळी बादलीत जो पीळ मी काढत होतो, तोच दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायाने घालत होतो.

दोन्ही टोकांना चामडी टोपणे आणि मध्ये दोर असा स्ट्रिंगर, म्हणजे धनुष्याला दोरी चढवण्याचे साधन, काही शे रुपयांत मिळाला. टोपणे धनुष्याच्या टोकांवर बसवायची. दोर पायाखाली दाबून मूठ सरळ वर उचलली की दोन्ही लिम्ब सारखे वाकतात. चेहरा मात्र टोकांपासून दूर ठेवावा. सहाव्यांदा लिम्ब सरळ केला, दोरी चार तास चढवून ठेवली, मग ३० बाण सोडले. त्यानंतर पीळ परतलेला नाही. एक गोष्ट खरे तर सर्वांत आधी करायची होती, ती मी सर्वांत शेवटी केली: कापसाचा बोळा लिम्बच्या कडांवरून फिरवायचा, तंतू कुठे अडकला तर तिथे तडा असू शकतो आणि असे धनुष्य पिळायचेही नाही, ओढायचेही नाही.

वापरातील दोष होता, हे मान्य. पण धनुष्यासोबत स्ट्रिंगर नव्हता आणि दोरी कशी चढवावी हे सांगणारा कागदही नव्हता, हे मी त्याच विक्रेत्याला सविस्तर लिहून कळवले आहे. त्याला आज १९ दिवस झाले.