नेफरटिटीचं माहेर कुठलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. शोकेसमध्ये नेफरटिटीचा, म्हणजे प्राचीन इजिप्तचा राजा अखेनातेन याच्या पट्टराणीचा, छोटा पुतळा ठेवलाय, बर्लिनच्या त्या निळ्या मुकुटवाल्या पुतळ्याची स्वस्तातली कॉपी, आणि घरी येणारा प्रत्येक जण आधी "ही कोण?" आणि लगेच "कोणाची मुलगी?" विचारतोच. आपल्याला बाईचं माहेर कळल्याशिवाय चैन पडत नाही ना.

तर तिच्या आईबापाचं नाव कुठेच कोरलेलं नाही. राजाची मुलगी मात्र ती नसावी, कारण "राजकन्या" हा किताब तिच्या नावापुढे एकदाही येत नाही, आणि इजिप्तची माणसं असला मान लपवणारी नव्हती, तिच्या स्वतःच्या सहा मुलींना तर भिंतीभिंतीवर "राजाच्या देहाची, लाडकी मुलगी" म्हटलंय.

मग काही जण म्हणायचे ती मितान्नीची (आजच्या सीरियाकडचं एक राज्य) राजकन्या तादुखेपा, कारण नावाचा अर्थच "सुंदरी आली आहे", म्हणजे बाहेरून आली असणार! मला हे कधीच पटलं नाही. अमार्नाला, म्हणजे अखेनातेनच्या राजधानीच्या जागी, आय नावाच्या बड्या दरबाऱ्याचं थडगं आहे, तिथे त्याची बायको तेय हिला "पट्टराणीची दाई" (लहानपणी दूध पाजणारी) म्हटलंय, आता लग्नाच्या वयात परदेशातून आलेल्या मुलीला इजिप्तमधली दाई कशाला हो?

इथूनच आयवर संशय जातो. (हो, बापाचं नाव आय. हसून घ्या.) त्याचा किताब "देवपिता", आणि हाच किताब युयाचा, जो राणी तियेचा बाप म्हणजे तिसऱ्या आमेनहोतेपचा सासरा. दोघांकडे राजाच्या घोड्यांचा कारभार, दोघांचं नातं अखमीम गावाशी. पण पुजारीही देवपिता म्हणवायचे, त्यामुळे पुरावा म्हणून हे लंगडंच. आणि तेय नुसती दाई, आई नाही, म्हणून मग पहिली बायको वारली असेल असा अंदाज, जिचा मागमूस नाही. बहीण मात्र पक्की, मुतबेनरेत, चित्रांत दोन बुटक्यांना बरोबर घेऊन फिरते, पण तीही बापाचं नाव सांगत नाही.

२०१० मध्ये राजघराण्यातल्या ममींच्या डीएनए चाचण्या आल्या आणि गंमत वाढली. राजांच्या दरीतल्या केव्ही ३५ क्रमांकाच्या थडग्यातली "यंगर लेडी" म्हणतात ती ममी अखेनातेननंतरचा राजा तुतनखामुन याची आई निघाली, आणि तिचे आईबाप तेच तिसरा आमेनहोतेप आणि तिये. मग ती नेफरटिटी कशी असेल, ती तर राजकन्याच नाही? त्यावर फ्रेंच इजिप्त-अभ्यासक मार्क गाबोल्डचं म्हणणं की पिढ्यानपिढ्या चुलत-मावस भावंडांत लग्नं झाली तर डीएनए सख्ख्या भावंडांसारखा दिसू शकतो, म्हणजे ती ममी नेफरटिटी असूही शकते. जीव अडकतो तो इथे.

म्हणून पाहुण्यांना मी "बहुतेक आयची" एवढंच सांगतो. मावशी म्हणाली, "बहुतेक म्हणजे काय, पत्रिका नव्हती का बघितली?"