नाल्याच्या उतारावर गुदमरणारे ब्रश कटर

यावल तालुक्यात आमची केळीची बाग आहे आणि तिच्या एका अंगाने सातपुड्याकडून येणारा नाला जातो. त्या नाल्याच्या उतारावरचे गवत काढण्यासाठी मी तीन वर्षांपूर्वी एक स्वस्तातले टू-स्ट्रोक ब्रश कटर घेतले. सपाट बांधावर ते निमूट चालायचे. मात्र उतारावर उभे राहून दांडा तिरपा केला की मिनिटभरात इंजिन गुदमरायचे आणि एअर फिल्टरमधून पेट्रोल ठिबकू लागायचे. प्लग बदलला, ऑइलचे प्रमाण पुन्हा मोजले, मिस्त्रींनी जेट (पेट्रोल ज्यातून इंजिनाकडे जाते ते बारीक छिद्र) फुंकून दिला, तरी फरक पडला नाही. दोष असा कशातच नव्हता; त्या यंत्राचा कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारा भाग, फ्लोटचा होता, एवढेच.

फ्लोटच्या कार्ब्युरेटरमध्ये टाकीतले पेट्रोल आपल्या वजनाने खालच्या वाटीत उतरते आणि पातळी ठरल्या जागी आली की वर उचललेला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ तुकडा, सुईने वाट बंद करतो. जेटला मिळणारे पेट्रोल या पातळीवर अवलंबून असल्यामुळे, वाटी एका बाजूला कलंडली तर सुई उघडी राहून पेट्रोल ओसंडते आणि दुसऱ्या बाजूला कलंडली तर जेट कोरडा पडतो. मग तोरणमाळच्या घाटात वळणावर झुकलेली आरएक्स १०० मोटारसायकल का बंद पडत नाही, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता, कारण तिचाही कार्ब्युरेटर फ्लोटचाच. वळण घेताना वाटीतल्या पेट्रोलवर वजनाबरोबर बाहेर फेकणारा जोरही येतो आणि दोन्ही मिळून त्याला वाटीच्या तळाकडेच दाबतात. पेट्रोलच्या दृष्टीने गाडी सरळच असते. उतारावर नुसत्या तिरप्या धरलेल्या ब्रश कटरला ही सोय नाही.

दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे डायफ्रामच्या (पातळ पडद्याच्या) कार्ब्युरेटरला वाटीच नसते. क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोकळीतल्या, दाबाच्या चढउतारांवर एक पातळ पडदा पंपासारखा हलून पेट्रोल ओढतो, दुसरा पडदा इंजिनाच्या ओढीप्रमाणे खाली-वर होऊन इवल्या पट्टीने सुई उघडतो. टाकीतली नळीही लवचीक असून तिच्या टोकाला जड फिल्टर असतो, त्यामुळे यंत्र कसेही धरले तरी ते टोक पेट्रोलातच राहते. चेनसॉ आडवा-उभा कसाही चालवता येतो तो यामुळेच. आरंभीच्या फ्लोटवाल्या चेनसॉमध्ये इंजिन सरळ ठेवून फक्त पात्याचा भाग फिरवावा लागे.

मी दुसरे ब्रश कटर डायफ्रामचे घेतले आणि उताराचा प्रश्न मिटला, पण पहिल्याच पावसाळ्यानंतर टाकीत पेट्रोल तसेच ठेवून ते गोठ्याच्या माळ्यावर टाकले. मार्चमध्ये वीसेक वेळा दोरी ओढूनही सुरू होईना, म्हणून चार स्क्रू काढून झाकण उघडले, तर जो पडदा बोटाखाली कापडासारखा लवायला हवा तो पापडासारखा कडक होऊन कडेला वळला होता. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, ते हवेतले पाणी शोषते आणि जुन्या धाटणीच्या रबराला मानवत नाही. तेव्हापासून हंगाम संपला की टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच ठेवतो.

याच कारणाने कपाशीवरच्या फवारणीच्या पाठीवरच्या पंपाला मी आजही फ्लोटचाच कार्ब्युरेटर पसंत करतो. पंप पाठीवर सरळ राहतो, आणि वाटीत कचरा आलाच तर शेतात बसूनही ती एका पान्याने उघडून पुसता येते. डायफ्रामच्या बारीक वाटांमध्ये अडकलेला कण काढायला असे भागत नाही.

डायफ्रामवाल्या यंत्रावरच्या 'एच' स्क्रूला, म्हणजे पूर्ण रेसवर मिळणारे पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूला, मात्र उगीच हात लावू नये. तो जास्त आवळला तर पेट्रोल कमी होते, त्याबरोबर ऑइलही कमी होते, कारण टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला वंगण पेट्रोलातूनच मिळते, आणि मग इंजिन तापून पिस्टन जाम होतो. मोकळे असताना पूर्ण रेसवर किंचित फडफडणारा आणि पाते गवतात शिरताच स्वच्छ होणारा आवाज आला, की मी स्क्रू तिथेच सोडतो.