१२,००० शंख, एक नॅपकिन

डाईंगमधला माणूस घरी पोचायच्या आधी त्याचा वास पोचतो. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी एकतीस वर्षं टॉवेलचं सूत रंगवलं. हायड्रोस म्हणजे रंग पाण्यात विरघळवायचं रसायन, त्याचा तो कुजकट, गंधकी वास शर्ट दोनदा धुतला तरी जात नाही. आई दारातूनच ओरडायची, "आधी न्हाणीत जा, मग बोल."

म्हणून स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराचं एक निरीक्षण वाचलं तेव्हा मला एकट्यालाच हसू फुटलं. दोन हजार वर्षांपूर्वी टायर शहराबद्दल तो लिहितो, की रंगाच्या कारखान्यांमुळे हे गाव राहायला नकोसं झालंय, आणि त्याच कारखान्यांमुळे श्रीमंतही झालंय. आमच्याकडच्या कुणालाही वाचून दाखवा, टायर कुठं आहे हे न विचारता मान डोलावेल.

टायर आजच्या दक्षिण लेबनॉनमध्ये आहे. तिथले लोक त्याला सूर म्हणतात. टायर, सिडॉन, बिब्लॉस ही फिनिशियन या प्राचीन दर्यावर्दी व्यापाऱ्यांची बंदरं, प्रत्येकाचा राजा वेगळा. गंमत म्हणजे यातल्या कुणीही स्वतःला फिनिशियन म्हणवून घेतलं नाही. ते टायरचे किंवा सिडॉनचे. फिनिशियन हे नाव ग्रीकांनी ठेवलेलं, आणि ग्रीकमध्ये त्याच शब्दाचा एक अर्थ जांभळट लाल रंग. नाव रंगावरूनच पडलं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. थोडक्यात, अख्ख्या किनाऱ्याचं आडनाव रंगारी.

रंग यायचा म्युरेक्स जातीच्या समुद्री शंखांतून. प्लिनी या रोमन लेखकाने कृती दिली आहे, आणि ती वाचताना मला आमचं डाईंगचं खातंच डोळ्यांपुढे दिसलं. टोपल्यांत आमिष ठेवून शंख पकडायचे. मोठे फोडून आतली शीर काढायची, बारीक असतील तर कवचासकट चेचायचे. तीन दिवस मिठात ठेवायचं. मग शिशाच्या भांड्यात मंद तापवायचं, आणि जाळ थेट भांड्याखाली नाही, लांबच्या भट्टीतून नळीने ऊब आणायची. वर येणारं मांस काढत राहायचं. दहाव्या दिवसाच्या सुमारास गाळून लोकरीचा एक झुपका बुडवून बघायचा. शेड आली नसेल तर पुन्हा तापवायचं. दहा दिवस कुजणारे शंख! आमचा हायड्रोस त्यापुढे अत्तर.

जाळ लांब का, हे कॉलेजात शिकलेल्यापेक्षा डाईंगमधल्या पोराला लवकर कळेल. हा रंग नात्याने आपल्या निळीचा, इंडिगोचा, सख्खा भाऊ. इंडिगोच्या रेणूला ब्रोमिनचे दोन अणू चिकटले की झाला टायरचा जांभळा. दोघंही पाण्यात विरघळत नाहीत. आधी पाण्यातला ऑक्सिजन काढून रंगाला फितवावं लागतं, तेव्हा तो पिवळट हिरवा होऊन सुतात शिरतो, आणि लडी बाहेर काढून हवेत धरली की खरा रंग चढतो. आम्ही ते हायड्रोस आणि कॉस्टिक सोड्याने करतो. त्यांच्याकडे ते काम कुजणाऱ्या मांसातले जिवाणू करायचे, आणि फार तापवलं तर जिवाणू मरतात. हे कुणी पुस्तकातून शिकवलं नसणार. किती भांडी बिघडली असतील तेव्हा कळलं असेल, देव जाणे.

आता हिशेब. १९०९ मध्ये पॉल फ्रीडलँडर या रसायनशास्त्रज्ञाने १२,००० शंख फोडले आणि शुद्ध रंग मिळाला १.४ ग्रॅम. आमच्या भाषेत दोन टक्के शेड धरली, म्हणजे शंभर ग्रॅम सुताला दोन ग्रॅम रंग, तर १.४ ग्रॅममध्ये सत्तर ग्रॅम माल निघतो. एक नॅपकिन. तोही डार्क नाही. सिडॉनमध्ये फोडलेल्या शंखांचं टेकाड का झालं ते या हिशेबातून समजतं. पुढे रोमन सम्राट डायोक्लेशनने इ.स. ३०१ मध्ये वस्तूंचे कमाल भाव बांधून दिले, त्यात जांभळ्या रेशमाचा भाव पौंडाला १,५०,००० दिनारी आहे. शेतमजुराची दिवसाची मजुरी त्याच यादीत २५. सोळा वर्षं एकही सुट्टी न घेता राबायचं आणि हाती यायचं जेमतेम सव्वातीनशे ग्रॅम रेशीम. तो रोमन पौंड आपल्या पौंडापेक्षा लहानच होता.

असा माल असला की माणूस समुद्र ओलांडतो. हे लोक स्पेनपर्यंत गेले, आजचं कादिझ म्हणजे त्यांचं गादिर. तिथून चांदी यायची. डायोडोरस हा ग्रीक इतिहासकार सांगतो की चांदी इतकी व्हायची, की जहाजात जागा संपल्यावर नांगराचं शिसं कापून टाकून तिथं चांदी बसवायचे. खरं असो नसो, व्यापाऱ्याचं डोकं त्यात बरोबर दिसतं. परतीच्या फेरीत वजनसुद्धा रिकामं न्यायचं नाही.

पण मला सगळ्यात आवडते ती कथिलाची गोष्ट, तीही स्ट्रॅबोचीच. गादिरचे फिनिशियन कुठून तरी कथील आणायचे आणि वाट कुणाला कळू द्यायचे नाहीत. एकदा रोमनांनी एका फिनिशियन कप्तानाच्या मागे जहाज लावलं. कप्तानाने काय करावं? मुद्दाम आपलं जहाज उथळात घातलं. मागचेही येऊन फसले. हा कसाबसा वाचून घरी पोचला, आणि बुडालेल्या मालाची भरपाई त्याला सरकारी तिजोरीतून मिळाली.

आमचे मास्तर, म्हणजे खात्यातले मुख्य रंगारी, याच पंथातले. पद्मशाली, घरी तेलुगू, खात्यात मराठी, शिव्या दोन्हीतल्या. शेड मॅच करताना बिडीच्या पुड्याच्या कागदावर ग्रॅम लिहायचे, आणि लॉट पास झाला की कागद थेट बॉयलरच्या भट्टीत. मी एकदा म्हटलं, मास्तर, वही करा की. तर म्हणाले, "अरे, वही मालकाची होते. डोकं माझं राहतं."

फिनिशियनांनीही वही ठेवली नाही म्हणावं, तर ज्या २२ अक्षरांवरून ग्रीकांनी आपली लिपी केली ती त्यांचीच. लिहायला पपायरस होता, पण त्यांच्या हवेत तो कुजून गेला, उरले ते बहुतेक दगडावरचे लेख. रंगाची कृती आपल्याला सांगतो तो एक रोमन, ज्याने स्वतः हात जांभळे केले असतील असं मला तरी वाटत नाही. कारण त्याच्या कृतीत उन्हाबद्दल काहीच नाही. भांड्यातल्या हिरवट पाण्यावर ऊन पडलं की ब्रोमिन सुटतो आणि जांभळ्याऐवजी चक्क निळा येतो. हे पुन्हा कळायला १९८० चं दशक उजाडलं. टायरच्या रंगाऱ्याला ते नक्की ठाऊक असणार. भांड्यावर काही झाकल्याशिवाय त्याचा लॉट पासच झाला नसता.

मास्तर गेल्यावर त्यांची वांगी शेड आम्हाला परत कधी जमली नाही. पुढे कॉम्प्युटर मॅचिंग आलं, त्याने रेसिपी दिली, उन्हात जुळायची आणि दुकानातल्या ट्यूबखाली फाटायची, म्हणजे वेगळीच दिसायची. शेवटी मालकांनी शेड कार्डावरून तो नंबरच काढून टाकला.

नमुन्याची एक लडी मी तेव्हा उचलून आणली होती. मास्तर तीन गाठी मारायचे, ती खूण अजून आहे. प्लिनी लिहितो की उत्तम टायरी रंग साकळलेल्या रक्तासारखा, समोरून काळपट आणि उजेडात वर धरला की चमकणारा. ते वाचून मी कपाट उघडलं आणि लडी खिडकीत नेली. घरात काळी दिसते. खिडकीत धरली की लाल मारते.