शके १८४७ चे करायचे काय?

गेल्या आषाढात, रत्नागिरीत पाऊस ठाण मांडून बसलेला असताना, एका संशोधनपत्रिकेकडून माझा शोधनिबंध परत आला. विषय होता कोकणातील खारभूमीचा: खाडीचे पाणी अडवणारे बांध, त्यांच्या उघाड्या (बांधातली पाणी सोडण्या-अडवण्याची दारे) आणि बांधांची डागडुजी कोणी करायची यावरून चालत आलेले वाद. निबंध अद्याप कोणा परीक्षकाने वाचलेलाही नव्हता. संदर्भ पत्रिकेच्या पद्धतीनुसार नाहीत, एवढ्या एका ओळीवर तो प्राथमिक तपासणीतच अडला होता. चौसष्ट नोंदी मी हाताने टंकल्या होत्या, त्यामुळे राग आला. दोन दिवसांनी तो ओसरल्यावर यादी पुन्हा उघडली, आणि स्वल्पविरामांच्या चुका शोधता शोधता त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठ्या चुका हाती लागल्या.

मी लेखकाचे आडनाव आणि वर्ष कंसात देणारी पद्धत वापरली होती. पत्रिकेला क्रमांकांची, म्हणजे व्हँकुव्हर पद्धत हवी होती. १९७८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक कॅनडातील व्हँकुव्हर येथे जमले आणि हस्तलिखितांच्या स्वरूपाविषयी त्यांनी जे ठरवले, त्यावरून हे नाव पडले. वैद्यकाच्या वाचकाला वाक्य मध्येच न तुटता वाचता येणे सोयीचे असेल. पण माझ्यासारखीला, विधान १८८० च्या गॅझेटिअरवर (जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथावर) उभे आहे की १९६२ च्या, हे तिथल्या तिथे दिसलेले बरे वाटते. अर्थात पत्रिकेच्या घरी पत्रिकेचा नियम. क्रमांक हाताने घालण्यात अडचण अशी की मध्येच एक संदर्भ वाढवला की पुढचे सगळे आकडे सरकतात, म्हणून अखेर मी झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे मोफत सॉफ्टवेअर शिकून घेतले.

सॉफ्टवेअर डीओआय क्रमांकावरून, म्हणजे लेखाच्या कायमस्वरूपी ओळखक्रमांकावरून, नोंद क्षणात आणून देते, परंतु ती बरोबर असेलच असे नाही. काही लेखांची शीर्षके संपूर्ण मोठ्या रोमन अक्षरांत आली, काहींची पृष्ठे गळाली. मोठ्या आणि लहान अक्षरांचा हा प्रश्न मराठी माणसाच्या डोळ्याला चटकन खटकत नाही, कारण देवनागरीत तो भेदच नाही. मला तो एका विद्यार्थिनीने दाखवून दिला. शीर्षक साठवताना पहिला शब्द आणि विशेषनामे यांपुरतेच मोठे अक्षर ठेवावे. लहान अक्षरांची मोठी अक्षरे यंत्र करू शकते, पण उलट दिशेने जाताना ‘कोकण’ हे विशेषनाम आहे, हे त्याला कळत नाही.

नावांचा घोळ याहून अधिक. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो, आणि मधले नाव कधी छापले जाते, कधी नाही; त्यामुळे एकच लेखक माझ्या यादीत दोन वेगवेगळी माणसे होऊन बसला होता, तर ‘पाटील, एस.’ या एका नोंदीखाली तीन निराळ्या व्यक्ती एकत्र नांदत होत्या. विवाहानंतर आडनाव बदललेल्या एका लेखिकेचे जुने लेख मी तिच्या नव्या नावावर नोंदवले होते. हेतू चांगला असला तरी ती चूकच, कारण शोधणाऱ्याला पत्रिकेच्या पानावर जुनेच नाव भेटणार.

सर्वाधिक वेळ खाल्ला तो जुन्या साधनांनी. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा दहावा खंड, रत्नागिरी आणि सावंतवाडीचा, १८८० चा. अकरावा, कुलाबा आणि जंजिऱ्याचा, १८८३ चा. जेम्स कॅम्पबेल हे त्या मालिकेचे संपादक, प्रत्येक ओळीचे लेखक नव्हेत. म्हणून त्यांचे नाव लेखकाच्या जागी न घालता संपादक म्हणून दिले. प्रकाशनस्थळ ‘बॉम्बे’ असे छापले आहे, ते तसेच ठेवले. आज मुंबई म्हणतो म्हणून मुखपृष्ठ बदलता येत नाही. एपीए या संदर्भ देण्याच्या आणखी एका पद्धतीने २०१९ च्या सातव्या आवृत्तीत प्रकाशनस्थळ देणे सोडून दिले, पण या पत्रिकेला ते हवे होते. १९६२ च्या गॅझेटिअरमधील ‘रत्नागिरी जिल्हा’ म्हणजे आजचा जिल्हा नव्हे. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला, आणि कुलाब्याचे रायगड झाले तेही त्याच वर्षी. हे संदर्भयादीत मावत नाही, म्हणून त्या आकड्यांखाली तळटीप दिली.

मग शके १८४७. बांधांच्या दुरुस्तीविषयीची एक छोटी मराठी पुस्तिका मला एका घरातील कपाटात मिळाली होती, आणि तिच्यावर इसवी सन कोठेच नव्हते. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळते, हे शाळेत शिकलेले. त्या हिशोबाने मी सरळ १९२५ लिहून मोकळी झाले होते. परंतु शकवर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंत ७९ मिळवावे लागतात. प्रस्तावनेखाली माघ शुद्ध पंचमी अशी तिथी होती, म्हणजे ती लिहिली गेली जानेवारी १९२६ मध्ये. शेवटी छापलेले शकवर्ष तसेच ठेवून त्यापुढे चौकटी कंसात १९२६ दिले, शीर्षक रोमन लिपीत उतरवून त्याचा इंग्रजी अर्थही तसाच कंसात लिहिला. एका वर्षाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. पण बांधांच्या वादाचा क्रम लावताना त्या वादातला अर्ज आधी की पुस्तिका आधी, हे त्या एका वर्षावरच ठरत होते.

पत्रिकांच्या नावांची संक्षिप्त रूपे प्रमाणित यादीवरून घेतली. त्यात सांगण्यासारखे काही नाही.

शेवटी मजकुरातील प्रत्येक क्रमांक यादीशी आणि यादीतील प्रत्येक नोंद मजकुराशी ताडून पाहिली. तीन नोंदी निबंधात कोठेच वापरलेल्या नव्हत्या, त्या काढल्या. गॅझेटिअरचा एक पृष्ठांक मी दुसऱ्याच्या लेखावरून उचलला होता. मूळ पान उघडले तर तेथे बांधांचा उल्लेखही नाही, तो बऱ्याच पानांपुढे निघाला. ज्या लेखावरून मी तो घेतला, त्याच्याआधीच्या एका लेखातही तोच चुकीचा आकडा होता. एक जुना अहवाल तर मी पाहिलाच नव्हता. तो मिळेना, तेव्हा ज्या लेखात त्याचा उतारा वाचला, त्या लेखाचा संदर्भ देऊन ‘तेथून उद्धृत’ असे मान्य केले. ते करताना लाज वाटली, पण यादीत न वाचलेला अहवाल मिरवण्यापेक्षा ती परवडली.

एक गोष्ट मात्र कोणत्याही पद्धतीत नीट बसली नाही. उघाडी केव्हा उघडायची आणि भरतीच्या आधी केव्हा बंद करायची, हे मला सर्वांत तपशिलाने सांगितले ते राजापूरच्या खाडीकाठच्या एका वृद्ध शेतकऱ्याने. वाचकाला पुन्हा पडताळता येत नाही म्हणून अशा संवादाला बहुतेक पद्धती यादीत जागा देत नाहीत. त्याचा उल्लेख केवळ मजकुरात, कंसात करायचा. कारण पटते, तरी इतक्या नोंदींत ते काका नाहीत याची टोचणी राहिलीच. नाव छापण्याची परवानगी विचारायला फोन केला, तेव्हा ते म्हणाले, “बाई, माझं नाव नाही घातलंत तरी चालेल, पण गावाचं तेवढं नीट घाला. सरकारी कागदावर दर वेळी वेगळंच असतं.” खरोखरच माझ्या निबंधात त्या गावाची रोमन लिपीतील तीन निरनिराळी रूपे होती. ती एकसारखी करून मग निबंध पाठवला.