मिरज ते रॉयटलिंगेन, व्हाया बी-टू

महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. उशाशी पर्स, पर्समध्ये फाइल, फाइलमध्ये जीएनएम या नर्सिंग पदविकेचं प्रमाणपत्र, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, नोकरीचा करार. गाडी कुठे थांबली की हात फाइलवर जायचा. दादा वरच्या बर्थवर निवांत घोरत होता. सकाळी दादरला उतरून व्हिसा केंद्रावर पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते, वेळ अकराची. आत गेल्यावर खिडकीवरचं काम पंचवीस मिनिटांत आटोपलं. त्या पंचवीस मिनिटांच्या मागे दोन वर्षं होती. आता मी जर्मनीत, रॉयटलिंगेनला हॉस्पिटलमध्ये काम करते. मला मेसेज करून ‘ताई, जर्मनीला कसं गेलीस’ विचारणाऱ्या बहुतेकींना विमानाचं ऐकायचं असतं. विमानाचं थोडंच आहे, खरी गोष्ट त्या दोन वर्षांची.

सुरुवात चुकीच्या दारातून झाली. आमच्या भागातल्या एका एजंटने चार लाख सांगितले, दोन आधी आणि दोन व्हिसा आल्यावर. वर म्हणाला, घाई असेल तर व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ. मूळ प्रमाणपत्रंही ‘प्रोसेससाठी’ ठेवून घेतली. ती परत मिळवायला दादाला तीन फेऱ्या आणि एकदा आवाज चढवावा लागला. व्हिजिट व्हिसावर गेलेल्या माणसाला तिथे नोकरी करता येत नाही, आणि नोकरीचा व्हिसा काढायला परत भारतातच यावं लागतं, हे मला नंतर कळलं.

नर्सच्या नोकरीसाठी जर्मनीत भरतीचा खर्च मालकाने करायचा, नर्सकडून पैसे घ्यायचे नाहीत, असं तत्त्व पाळणाऱ्या एजन्सींना २०२२ पासून ‘फेअरे आनव्हेरबुंग फ्लेगे डॉइचलांड’ हे सरकारी मानांकन मिळतं. यादी इंटरनेटवर उघडी आहे. मी तिच्यातूनच एक एजन्सी निवडली. माझ्या शिक्षणाला जर्मनीत मान्यता मिळवायची फी, विमानाचं तिकीट, पहिल्या तीन महिन्यांची खोली हे सगळं हॉस्पिटलने दिलं. माझ्या खिशातून गेले ते जर्मनचे वर्ग, परीक्षा, भाषांतरं आणि व्हिसाचे ७५ युरो, एकूण दोन लाखांच्या आसपास. म्हणजे एजंट मागत होता त्याच्या निम्मे. आणि त्यातला मोठा हिस्सा माझ्या डोक्यात शिल्लक आहे, तो कुणी ठेवून घेऊ शकत नाही.

आखातात जाणाऱ्यांचा रस्ता वेगळा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतो, आणि त्यांना ठरावीक १८ देशांत नोकरीला जायला सरकारी मंजुरी लागते. एजंटचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो आणि नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. माझ्या मावसभावाने सव्वा लाख दिले. पावती मागितली तर ‘विश्वास नाही का’.

आता भाषा. नर्स म्हणून पूर्ण परवाना हवा तर जर्मनची बी-टू ही पातळी लागते, बी-वन तिच्या एक पायरी खाली. काही जणी बी-वनवर येतात, मदतनीस म्हणून काम करत पुढचं शिकतात. मी तसं करू नका म्हणेन. रात्रपाळी करून आल्यावर व्याकरण डोक्यात शिरत नाही. मी जून २०२३ मध्ये सुरुवात केली, आधी ऑनलाइन, मग पुण्यात बोट क्लब रोडला मॅक्स म्युल्लर भवनात. तिथल्या बी-टू परीक्षेचे चार भाग असतात आणि प्रत्येकात शंभरपैकी साठ गुण लागतात. मी ऐकण्यात ५७ वर अडकले. पण नापास झालेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. हे आधी माहीत असतं तर त्या संध्याकाळी कोरेगाव पार्कच्या बसस्टॉपवर रडले नसते.

कागदांमध्ये सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो अभ्यासक्रमाच्या तासांनी. परदेशी नर्सच्या शिक्षणाला मान्यता देणारं स्टुटगार्टचं कार्यालय तुमचं प्रमाणपत्र नुसतं बघत नाही, कोणत्या विषयाचे किती तास थिअरी, कोणत्या वॉर्डात किती तास प्रॅक्टिकल, हे मोजतं. कॉलेजमध्ये चार हेलपाटे घातले. क्लार्क म्हणायचे, मार्कशीट दिलीय की. शेवटी मीच तक्ता टाइप करून नेला आणि प्राचार्यबाईंनी जुन्या रजिस्टरशी ताडून सही-शिक्का दिला. तुम्हीही तक्ता घेऊनच जा. मग ‘डेफिझिटबेशाइड’ येतो, म्हणजे तुमच्या शिक्षणात काय कमी आहे त्याचं पत्र. नाव ऐकून घाबरू नका. ते नकारपत्र नाही, व्हिसा त्याच्याच जोरावर मिळतो. राहिलेलं तिकडे जाऊन पूरक प्रशिक्षणाने किंवा परीक्षेने भरून काढायचं.

आणि अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावेत म्हणून मारतात तो सरकारी शिक्का, करू नका. झेरॉक्सवाल्यापासून एजंटपर्यंत सगळे ‘अपोस्टिल मस्ट’ म्हणतात. भारत अपोस्टिलच्या करारात २००५ पासून आहे खरा, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली, म्हणून आपलं अपोस्टिल तिकडे चालत नाही. माझे साडेनऊ हजार त्यात गेले. त्या पैशात भाषांतरं झाली असती.

मी व्हिसाच्या खिडकीवर होते तेव्हा दादा बाहेर थांबला होता. तो आयटीआय इलेक्ट्रिशियन. परतीच्या गाडीत त्याने हळूच विचारलं, आमच्यासाठी काय? त्याच्यासाठी जून २०२४ पासून ‘चान्सेनकार्टे’ हा व्हिसा आहे. नोकरी शोधायला एक वर्ष, तोवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम. पण खर्चासाठी दरमहा १,०९१ युरो, हा २०२५ चा आकडा, वर्षभराचे आधी खात्यात अडकवून दाखवावे लागतात. हिशोब ऐकून दादा कराडपर्यंत गप्प होता. त्यापेक्षा आधी करार, मग व्हिसा बरा. महाराष्ट्र सरकारनेही २०२४ मध्ये मी राहते त्याच बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगारांसाठी करार केलाय, त्याच्या घोषणांवर तो लक्ष ठेवून आहे. जर्मन मात्र सुरू केलंय.

मे २०२५ मध्ये मुंबईहून फ्रँकफर्ट. विमानतळाला जोडलेल्या स्टेशनातूनच स्टुटगार्टची रेल्वे सुटते. मी स्वस्त पडतं म्हणून ठरावीक गाडीचं तिकीट काढलेलं, आणि पासपोर्टच्या रांगेत ती गाडी गेली. नवं तिकीट जुन्याच्या तिप्पट. कोणत्याही गाडीला चालेल असंच तिकीट काढा.

पहिले पंधरा दिवस फक्त कागदांचे. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवायचा असतो आणि त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, भाडेकरार पुरत नाही. व्हिसा काही महिन्यांचाच असतो, पुढच्या परवान्याचा अर्ज तो संपायच्या आत गेला पाहिजे. ईमेल पाठवला तर पोच जपून ठेवा.

सगळ्यात मूर्खपणा मी केला तो पत्रपेटीचा. खोली मिळाली, पेटीची किल्ली मिळाली, पेटीवर नाव आधीच्या मुलीचं. मला वाटलं, पत्ता बरोबर आहे ना, पोस्टमन टाकेल. बँकेचं कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या पाकिटात, दोन्ही पाकिटं परत गेली. इथे पोस्टमन पेटीवरचं नाव बघतो, वरच्या मजल्यावर कोण राहतं हे चौकातल्या पानवाल्याला विचारत नाही. उतरल्या दिवशी चिठ्ठीवर आडनाव लिहा आणि चिकटवा.

पगारातला जवळपास तिसरा हिस्सा कर आणि विम्यात कापला जातो, तेव्हा घरी पैसे पाठवायचा हिशोब हातात येणाऱ्या रकमेवर करा. रविवारी दुकानं बंद. शनिवारी दूध विसरलात तर सोमवारपर्यंत कोरा चहा.

आणि बी-टूच्या पुस्तकात नसलेलं एक. हा श्वाबेन भाग आहे, इथली बोली वेगळी. वॉर्डातल्या एका आजींनी ‘टेपिश’ मागितला. पुस्तकात टेपिश म्हणजे गालिचा. मी खाली बघितलं, फरशी. त्यांना पांघरूण हवं होतं, इकडे घोंगडीला टेपिश म्हणतात. ‘हेबेन’ म्हणजे उचलणं शिकलेले, इकडे त्याचा अर्थ धरणं. मी ट्रे उचलून उभी आणि आजोबा म्हणतात, अगं मला धर. पण एका ठिकाणी माझी बाजी होती. एक पेशंट ‘फूस’ दुखतोय म्हणून कण्हत होते. पुस्तकी जर्मनमध्ये फूस म्हणजे पाऊल, त्यामुळे हांबुर्गहून आलेली माझी सहकारी त्यांचा घोटा तपासत बसली. श्वाबेनमध्ये कमरेपासून खाली सगळाच फूस. आपल्याकडे तरी ‘पाय दुखतोय’ म्हटल्यावर कुठे कळतं? मी सवयीने विचारलं, कुठे, वर की खाली? मांडी होती.