तुम्ही विचारलंत म्हणून : मुलांना घेऊन पुन्हा जपानला जाल का?

जपानहून परत येऊन बरेच महिने झाले, तरी कुणी भेटलं की हमखास विचारतं, "तिकडे भूकंपात सापडलात ना? लहान मुलं, वयस्कर आई सोबत. भीती नाही वाटली? परत जाल का?" दर वेळी मी दोन वाक्यांत उत्तर देते आणि ते अपुरंच राहतं. म्हणून आज जरा सविस्तर.

भीती वाटली. पण जमीन हलली म्हणून जेवढी वाटली, त्याहून जास्त आईकडे बघून वाटली.

टोकियोत उएनो स्टेशनजवळच्या एका हॉटेलात नवव्या मजल्यावर आमची खोली होती. रात्रीचे दहा वाजून गेले होते. धाकटी झोपली होती, थोरला दिवसभराचे फोटो बघत होता, नवरा अंघोळीला गेला होता. आधी कपाटातले रिकामे हँगर किणकिणले. एसीचा वारा असेल असं वाटलं. मग पडद्याची दोरी भिंतीवर टकटक आपटायला लागली आणि पलंग होडीसारखा संथ डुलायला लागला. मी नुसती बघत राहिले. आई मात्र कधीच उठली होती. एरवी कठडा धरून एकेक पायरी उतरणारी माझी आई. तिनं झोपलेल्या नातीला पांघरुणासकट उचललं आणि अनवाणी दाराबाहेर पळाली. "बाहेर चला, बाहेर!" एवढंच ओरडत होती.

आईचं माहेर पाटण तालुक्यातलं. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आजोबांनी पोरांना ओढत अंगणात आणलं आणि त्यांच्यामागे माजघराची भिंत बसली. पुढं कित्येक रात्री डिसेंबरच्या थंडीत सगळं गाव शेतात, कडब्याच्या आडोशाला झोपत होतं. कोयनेचे लहान धक्के आमच्याकडे पुढंही बसत राहिले. मांडणीवरची भांडी वाजली की आम्ही पोरं धक्के मोजायचो, आई अंगणात जाऊन उभी राहायची. दगडमातीच्या घरातून जो बाहेर पडला तो वाचला, हे तिच्या अंगात बसलं ते कायमचं. त्यात चूक काहीच नव्हती. 1993 साली किल्लारीला पहाटे हजारो माणसं गेली, ती अशाच मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली.

टोकियोतल्या नव्या इमारतीत मात्र नेमकं उलटं वागायचं असतं. तिथले बांधकामाचे नियम 1981 साली आणखी कडक झाले. मोठ्या धक्क्यात इमारतीचं नुकसान झालं तरी ती माणसांवर कोसळू नये, असा त्यांचा हेतू. म्हणून आतच थांबायचं, डोकं सांभाळायचं, काचा आणि उंच फर्निचरपासून लांब राहायचं. पळत जिना गाठणं धोक्याचं, कारण पडून हातपाय मोडतात, आणि बाहेर तर वरून काचा, पाट्या अंगावर येऊ शकतात. हे मला जायच्या आधी ठाऊक हवं होतं. शाकाहारी जेवण कुठं मिळतं याची यादी मी चार दिवस खपून केली होती, पण धक्का बसला तर काय करायचं यावर आईशी एक शब्द बोलले नव्हते. याचं मला अजून वाईट वाटतं.

मी मागून धावले, तेव्हा अख्ख्या कॉरिडॉरमध्ये समोरचं एकच दार उघडं होतं. आतल्या जपानी आजोबांनी ते मिटू नये म्हणून फटीत हॉटेलची स्लिपर अडकवली होती. त्यांनी आईला बघितलं, दोन्ही तळवे खाली दाबत 'बसा, बसा' अशी खूण केली आणि आधी स्वतः गालिच्यावर बसले. आपल्याहून मोठा माणूस आपल्यासाठी खाली बसतोय म्हटल्यावर आईही बसली. "दाइजोबु," ते म्हणाले. ठीक आहे, काही नाही. तोवर डुलणं थांबलंही होतं. सगळं मिळून मिनिटभर नसेल.

खोलीत येऊन टीव्ही लावला तर नकाशा आणि आकडे आलेले होते. टोकियो, 3. पुण्याहून भावाचा फोन, "किती रिश्टर?" तिथे लोक आधी वेगळंच विचारतात : इथे किती हललं? त्याला ते शिंदो म्हणतात. भूकंपाचा रिश्टरचा आकडा एकच असतो, पण शिंदो प्रत्येक गावाचा वेगळा, शून्यापासून सातपर्यंत. तीन म्हणजे घरातल्या बहुतेकांना जाणवेल इतका. म्हणूनच मोबाइलवरचा इशाराही वाजला नव्हता, तो जोरदार धक्क्याचा अंदाज असेल तेव्हाच येतो.

तर, परत जाऊ का? हो, मुलांना घेऊन जाऊ, आणि आईलाही. फक्त पहिल्या संध्याकाळी, बॅगा उघडायच्या आधी, सगळ्यांना जिना कुठं आहे आणि पलंगाशी अडकवलेली बॅटरी कशी काढायची ते दाखवीन.

त्या रात्री आईला स्लिपरचं कारण सांगितलं. धक्क्यानं चौकट वाकली तर दार अडकतं, उघडतच नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, आमची आई त्यानंतर कधी रात्री कडी लावून झोपली नाही. चोर येतील म्हणून सगळे तिला बोलायचे."

पहाटे मला जाग आली तेव्हा कॉरिडॉरमधला उजेड पट्टीसारखा आत आला होता. आमच्या दाराच्या फटीत एक स्लिपर होती.