'इन कॅमेरा' म्हणजे कॅमेऱ्यासमोर का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नाही, उलट बंद दाराआड. लॅटिन 'कामेरा' म्हणजे आधी कमानदार छत, मग खोली. 'इन कॅमेरा' सुनावणी म्हणजे लोकांना बाहेर ठेवून, न्यायाधीशांच्या खोलीत घेतल्यासारखी. बलात्काराचे खटले असे चालवायची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२७ मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६६ मध्ये आहे. घोटाळा आपल्या बातम्यांनी वाढवला. 'इन कॅमेरा शवविच्छेदन' छापतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं, चित्रीकरण करून!

फोटोचा कॅमेराही खोलीतूनच निघाला. भर उन्हाच्या वेळी खिडकीला काळा कागद लावा, फटी बुजवा, मधोमध सेंटीमीटरभर भोक पाडा. डोळे अंधाराला सरावले की समोरच्या भिंतीवर रस्ता उलटा दिसतो, रिक्षा छताला टांगल्यासारख्या जातात. भोक मोठं केलं तर चित्र उजळतं पण पुसटही होतं, कारण बाहेरच्या प्रत्येक बिंदूचा भिंतीवर मोठा ठिपका पडतो. खगोलशास्त्रज्ञ केपलरने १६०४ मध्ये याला 'कामेरा ऑब्स्क्युरा', म्हणजे अंधारी खोली, म्हटलं. पुढे खोलीची पेटी झाली, पेटीत फोटो निघू लागले आणि 'अंधारी' गळून नुसती 'खोली' उरली.

युरोपात मात्र प्रत्येकाने हा शब्द आपापल्या परीने वाकवला. इटलीत दारावर 'कामेरे' अशी पाटी असेल तर तिथे खोल्या भाड्याने मिळतात. फोटो काढायचं यंत्र म्हणजे 'माक्किना फोतोग्राफिका'. फ्रेंच 'शांब्र' ही झोपायची खोली. दुकानात 'कामेरा' मागितलात तर व्हिडिओचा दाखवतील, फोटोसाठी 'आपारेय फोतो' म्हणा. स्पेनमध्ये 'कामारा' फोटोचाच, पण सायकलच्या दुकानात तीच ट्यूब. रशियन 'कामेरा' तुरुंगातली कोठडीही असते आणि 'कामेरा ख्रानेनिया' म्हणजे स्टेशनवर सामान ठेवायची जागा. पोर्तुगालमध्ये 'कामरा म्युनिसिपाल' ही चक्क नगरपालिका.

आपल्याकडे हा पाहुणा चार वेळा आला आणि दर वेळी वेगळं नाव सांगून राहिला. पोर्तुगीजांकडून 'कमरा', इंग्रजीतून 'कॅमेरा', फ्रेंचांकडून इंग्रजीत गेलेलं 'चेंबर', आणि एका खोलीत राहणारा सोबती म्हणजे स्पॅनिश 'कामाराडा', त्याचा 'कॉम्रेड'. यातलं चेंबर सगळ्यात मुरलं: वकिलाचंही चेंबर, आणि पावसाळ्यात तुंबतं ते ड्रेनेजचंही.